जरा धरता का?

दाजींना उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं, आणि ते जगाला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. फलाटावर शेकडो माणसं असली तरी अनोळखी बाई पिशवी यांच्याच हाती देऊन पाणी आणायला जायची. शिडी, छत्री, कुणाचं तरी रडकं मूल... जे धरायचं ते दाजींनी. बायको म्हणायची, "तुम्ही माणूस नाही, खुंटी आहात."

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, "गोल्फ खेळा, पण चालत. बॅटरीच्या गाडीत बसून खेळायचं असेल तर घरी पत्ते खेळा. व्यायाम तेवढाच होतो."

यालाही नाही म्हणता आलं नाही. तेव्हा त्या दिवशी दुपार कलताना दाजी क्लबाच्या मैदानावर चेंडू मारत पायीच परतत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने लेकीकडे जायचं होतं. नात दीड महिन्याची झाली होती आणि आजोबांनी तिला फोनमध्येच पाहिलं होतं. बाळ कसं धरायचं याचा सराव ते उशीवर करत, आणि आदल्याच रात्री बायकोने त्यांना उशीचं डोकं सावरताना पकडलं होतं.

मेहुणा बॅटरीच्या गाडीतून शेजारून चालला होता. "दाजी, बसा की! ताईला कोण सांगतंय?"

"तुझी ताई क्लबाच्या व्हरांड्यात बसलीय. तिला सांगावं लागत नाही."

"बरं. मग मी पुढे होऊन तुमचा चहा गार करून ठेवतो."

गाडी डांबरी रस्त्याने वळून झाडांआड गेली.

तो रस्ता मैदानाच्या टोकाच्या एका खोलगट जागेला वरच्या वर वळसा घालून जातो. गाडीत बसणाऱ्याला ती जागा दिसतच नाही. इतकी वर्षं दाजींनाही दिसली नव्हती. पायवाट मात्र सरळ तिच्यात उतरते. दाजींचा चेंडू तिथेच घरंगळला. गोल्फच्या पिशवीचा ढकलगाडा कुरकुरवत ते मागोमाग उतरले.

खाली धुकं होतं. वर ऊन असताना खाली धुकं... दाजींनी चष्मा पुसला. धुकं चष्म्यावर नव्हतं. ओल्या लोकरीचा आणि कुजक्या पाल्याचा वास आला. चाकाची कुरकुर थांबली, तेव्हा आपणच थांबलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

समोर, ज्यात चेंडू घालायचा त्या भोकाभोवतीची गालिच्यासारखी कातरलेली हिरवळ होती. मधोमध एक माणूस भोकातल्या झेंड्याची काठी धरून उभा होता.

यात वावगं काही नव्हतं. लांबून चेंडू मारणाऱ्याला भोक दिसावं म्हणून दुसऱ्याने काठी धरायची, चेंडू जवळ आला की ती उपसायची, आणि तोवर जागचं हलायचं नाही, असा या खेळाचा शिष्टाचार आहे. माणसाचा कोट मात्र खांद्यावर हिरवट पडला होता. बुटांवर गवत चढलं होतं.

"कुणी मारतंय का?" दाजींनी विचारलं.

"मारतील... मारतीलच आता." आवाज बऱ्याच दिवसांनी वापरल्यासारखा होता. मग त्याने दाजींचा चेहरा पाहिला. "जरा धरता का?"

दाजींनी धरली.

त्याची बोटं एकेक करून सुटली. स्वतःचे तळवे त्याने उलटसुलट करून पाहिले, आणि मग तो निघाला. मागे वळून पाहिलं नाही. तो उभा होता तिथे बुटांच्या मापाच्या दोन पांढऱ्या फटक जागा होत्या, दगडाखालचं गवत पडतं तशा. दाजींचे पाय नेमके त्यांच्यात होते.

"अहो... लवकर या हं," ते सवयीने म्हणाले.

मग वाट पाहणं. हाताला रग लागली म्हणून काठी या हातातून त्या हातात घ्यावी म्हटलं, तर बोटं उलगडेनात. ओढून पाहिलं. पाय उचलून पाहिला. दोन्ही जणू दुसऱ्या कुणाचे. धुक्यापलीकडे कुणीतरी चेंडूमागे उभं राहून नेम धरत होतं. गवतावर पाय घासल्याचा आवाज येई आणि थांबे. मारत मात्र नव्हतं. दाजींना सकाळची गाडी आठवली, उशी आठवली.

"दाजी!" वरच्या रस्त्यावरून मेहुण्याची हाक आली. "चहाचं सरबत झालं! कुठे आहात? थांबा, उतरून येतो!"

आणि दाजींचं तोंड आपोआप उघडलं. शब्द जिभेवर तयार होते... जरा धरतोस का? तेवढं म्हटलं की सुटका. मेहुणा हसत हसत धरेल. चेष्टा करेल, पण धरेलच.

"नाही!" दाजी ओरडले. "उतरू नकोस! पाय जमिनीला लावू नकोस!"

दाजींचा चढा आवाज मेहुण्याने जन्मात ऐकला नव्हता. त्याने काही विचारलं नाही. गाडी तशीच उतारावर घातली, त्या कातरलेल्या हिरवळीवर चाकं चढवली, दाजींच्या कमरेला हात घालून त्यांना काठीसकट उपटून आत ओढलं आणि गाडी दामटली. डांबरी रस्ता लागला तशी बोटं सुटली. काठी खडखडत मागे पडली.

"ताईला काय सांगायचं?" क्लब दिसू लागला तसा मेहुणा म्हणाला.

"सांग, गाडीत बसलो."

दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरी दाजी हात धुऊन खुर्चीत टेकले, तोच लेक दुपट्यातलं गाठोडं घेऊन आली.

"बाबा, जरा धरता का?"

ते क्षणभर घुटमळले. पण नातीने जांभई दिली, आणि त्यांनी धरली. डोकं सावरून, अगदी उशीसारखी. ऊबदार, दुधाच्या वासाची. दाजींचे डोळे भरून आले.

"द्या आता," थोड्या वेळाने लेक म्हणाली. "भूक लागली असेल तिला."

दाजी नातीला धरूनच होते.

"बाबा... द्या ना."

बायको स्वयंपाकघरातून आली ती दारातच थबकली. दाजींच्या कपाळावर घाम होता. ते आपल्या बोटांकडे पाहत होते.

नात रडत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून ती मागच्या रिकाम्या भिंतीकडे टक लावून पाहत होती. आणि भर घरात, फरशीवर, कुणीतरी पाय घासून नेम धरला.