खिडकीबाहेरची पेटी

सुताराने होकार दिला, तो केवळ नाही म्हणता आलं नाही म्हणून. दाढ धरून तो दवाखान्यात आला होता आणि त्याच्या तोंडात कापूस कोंबलेला होता. दातांच्या डॉक्टरांची ती मदतनीस. हा सुतार आहे हे कळताच तिने चिमण्यांचं पुराण लावलं.

"नव्या इमारतींना फटी नसतात, मग बिचाऱ्यांनी घरटी करायची कुठे? आम्ही काही जण सुट्टीला लाकडी पेट्या टांगतो. द्याल ना बनवून?"

"अं... अं..."

"हो म्हणाले!" तिने स्वतःच जाहीर करून टाकलं.

मग तो दर सुट्टीला येऊ लागला. शिडीवर तो चढायचा, खाली शिडी धरायची ती.

"नीट धर, दातवाली. पडलो तर तुझ्याच अंगावर पडेन."

"पडून तर बघ!" असं म्हणताना तिचे कान लाल व्हायचे.

एकदा दवाखान्याच्या मागच्या खिडकीबाहेर त्याने एक पेटी लावली. भोकाखाली घासून गुळगुळीत केलेली छोटीशी दांडी होती.

"ही खास तुझी. तूच म्हणालीस ना — चिमणीला दारात टेकायलाही जागा नाही..."

दांडी लावायची नाही, हा त्यांच्या गटाचा पहिला नियम; तो त्याला कुणी सांगितलाच नव्हता. चिमणी भोकालाच लटकते. दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला. ती आपली गमतीने बोलली होती आणि यानं ते मनावर घेतलं होतं! पण आजवर तिच्यासाठी कुणी काही घडवलं नव्हतं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. आज-उद्या करता करता चिमणी आली, काड्या आल्या, पिल्लं झाली. आता करवत चालवली तर चिमणी घाबरून घरटंच सोडायची.

पिल्लं भोकातून डोकी काढू लागली, त्या सकाळी दोघं खिडकीशी चहा घेत होते.

"आईला सांगितलंय मी... तुझ्याबद्दल," तो म्हणाला.

ती काही बोलणार, तोच कावळा आला. घरचा पाहुणा असल्यासारखा ऐटीत दांडीवर बसला. त्यांनी काच बडवेपर्यंत एक पिल्लू त्याच्या चोचीत होतं. तो पुन्हा आला, पुन्हा आला. सुतार शिडी लावून वर पोचला तेव्हा पेटी रिकामी होती आणि चिमणी तारेवर बसून ओरडत होती.

"माझ्या दांडीवर बसून..." तो खाली उतरला. "असं होतं, हे तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू माझ्यासाठी केली होतीस रे... तुला वाईट वाटलं असतं. मला तू इतका आवडतोस, की —"

"हसत हसत कापली असती मी. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतेस, दातवाली, आणि स्वतः..." त्याने पुन्हा वर चढून दांडी कापली, खिडकीत ठेवली आणि गेला.

त्याच्या पेट्या अजूनही येतात, पण दुसऱ्या कुणाच्या तरी हाती. पुढच्या वर्षी त्याच पेटीत नवी जोडी आली, पिल्लं सुखरूप उडाली. या वेळी मात्र तिने गप्प बसायचं नाही असं ठरवलं. फोन केला, सगळं सांगितलं.

"तू येशील का रे... पेटी बघायला?"



"अं..." तो म्हणाला.

त्या 'अं'चं 'हो' करायला तिची जीभ रेटली नाही.