खालची चीर

सकाळी पहारेकऱ्याने शेडचं दार उघडलं आणि तो बोंबलतच बाहेर पळाला. आत कंपनीचं नवं हवाई जहाज उभं होतं. हलक्या धातूचा लांबलचक सांगाडा, त्यात एकामागे एक गॅसने फुगवलेल्या पिशव्या. मधली पिशवी चोळामोळा होऊन लोंबत होती. बुडाशी हातभर चीर, आणि चिरेखाली हाडाच्या मुठीची एक सुरी.

मुठीवर नाव कोरलं होतं थर्झा टायसनचं.

झालं! आमच्या स्कारगिल गावाला एवढं पुरे. थर्झाला पोलिसांनी नेलं तेव्हा पिशव्या बनवायच्या खोलीत तिच्याबरोबर राबणाऱ्या बायका तिच्या अंगावर थुंकल्या. नौदलाचे साहेब उद्या उड्डाण बघायला येणार होते. जहाज उडालं नाही तर कंत्राट जाणार, आणि सगळ्यांच्याच चुली विझणार. थर्झा विधवा बाई. तिला तुरुंग झाला असता तर तिची चार वर्षांची पोर सरळ अनाथाश्रमात गेली असती.

इन्स्पेक्टर एमस बर्केट शेडच्या फाटकाशी आला, तेव्हा फोरमन जोनास फेलने त्याला अडवलं.

"बूट काढा. नालाची ठिणगी उडाली तर आपण सगळे राख. ही कापडी पायताणं घाला. खिसे उलटे करा."

"पोलिसाचेसुद्धा?"

"तुमचे तर आधी!" फेल गुरकावला.

बर्केटने काड्यापेटी आणि चाकू काढून दिला. आत थंडीने दात वाजत होते. त्याने वर पाहिलं.

"एवढ्या गारठ्यात छताच्या खिडक्या उघड्या का?"

"पिशवी गळली की गॅस वर चढतो. तिथून निघून जातो. बंद ठेवल्या तर छताशी साठेल."

"पिशवीतला गॅस मुद्दाम सोडायचा असेल तर?"

"पिशवीच्या माथ्यावर झडप आहे. तिची दोरी खाली जहाज चालवायच्या खोलीत येते. खोलीची किल्ली माझ्याकडे आणि क्रॉफ्टनसाहेबांकडे. झालं का? मला कामं आहेत."

लिओनेल क्रॉफ्टन म्हणजे जहाजाचा मुख्य अभियंता. वास्कीटवर सोन्याची साखळी, आणि चेहऱ्यावर माशी बसल्यासारखा भाव.

"तुम्ही इथे कशाला आलात? बाई सापडली ना?"

"तिने का केलं असेल, साहेब?"

"काल तिने चिकटवलेला एक सांधा मी नापास केला. सगळ्यांदेखत ओरडली, तुमचं जहाज फाटो म्हणून."

"चीर पहिल्यांदा कोणी पाहिली?"

"पहारेकऱ्याने. त्याची बोंब ऐकून मी धावत आलो. तोवर पिशवी पुरती रिकामी झाली नव्हती. मी स्वतः चिरेवर हात धरला. गॅस भसाभसा बाहेर पडत होता. आता पुरे?"

"पुरे," बर्केट म्हणाला.

कोठडीत थर्झा भिंतीकडे तोंड करून बसली होती. हात लाल, सोललेले. बैलांची खारवलेली आतडी दिवसभर ओली ठेवून खरवडायची, त्यांची पातळ कातडी कापडावर चिकटवायची आणि त्याच्या पिशव्या करायच्या, हे त्या बायकांचं काम.

"ओरडलीस का क्रॉफ्टनसाहेबांवर?"

"ओरडले. पुन्हा ओरडेन. सांधा चांगला होता माझा."

"सुरी कुठे असते?"

"खोलीत खुंटीला. सगळ्यांच्याच तिथे असतात. घरी न्यायची नाही, असा हुकूम आहे साहेबांचा." ती एकदम वळली. "माझ्या पोरीला कोणी खायला घातलं का? तेवढं सांगा, मग खुशाल फाशी द्या."

बर्केटला पहिल्यांदाच स्वतःच्या धंद्याची लाज वाटली.

दुपारी त्याने सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं. थर्झाला बेड्यांसकट आणलं. बायका कुजबुजल्या, "आली बघ सटवी!" बर्केटने चाचणीसाठी केलेली नुसत्या कातडीची एक छोटी पिशवी मागवली आणि फेलकडून गॅसने भरून घेतली. पिशवी दोरीच्या टोकाला वर तरंगत राहिली. त्याने ती हाताशी ओढली, थर्झाची सुरी उचलली आणि पिशवीच्या बुडावर जोर लावला. कातडी दबली, पण कापली गेली नाही.

"हिला धारच नाही. चरबी खरवडताना कातडी फाटू नये म्हणून ती मुद्दाम बोथट ठेवतात. आता कोणीतरी चाकू द्या बरं."

कोणी हललं नाही. चाकू असणार कुठून? खिसे रोज फाटकावर उलटे होत होते.

"सगळ्यांचे तपासता, फेल?"

"साहेबांचे कोण तपासणार?" फेल म्हणाला, आणि बोलता बोलता त्याची नजर क्रॉफ्टनच्या साखळीवर गेली. टोकाला इवलासा चाकू लटकत होता.

"द्या, साहेब."

क्रॉफ्टनने दिला. बर्केटने पिशवीच्या बुडाशी चीर पाडली आणि दोरी सैल सोडली. पिशवी पुन्हा वर गेली आणि मजेत तरंगत राहिली. त्याने ती खाली ओढली, माथ्यावर चीर पाडली. क्षणात पिशवी मऊ पडली आणि त्याच्या पायाशी येऊन पडली.

"गॅस वर चढतो. बुडाच्या हातभर चिरेने एवढी मोठी पिशवी एका रात्रीत रिकामी होत नाही. ती रिकामी केली माथ्यावरच्या झडपेने, आणि चीर नंतर पाडली, आम्हाला दाखवायला; खुंटीवरची सुरी आणून खाली टाकली. किल्ल्या दोघांकडे. पण चिरेवर हात धरला, गॅस भसाभसा येत होता, असं एकच जण म्हणाला. पहारेकरी म्हणाला असता तर मी चूक समजलो असतो. तुमचा जन्म गॅसमध्ये गेलाय, साहेब. तुम्ही चुकणार नाही. तुम्ही फक्त खोटं बोलू शकता."

क्रॉफ्टनने जहाजाकडे पाहिलं.

"ते उडणारच नव्हतं," तो म्हणाला. "फार जड झालंय. उद्या सगळ्या देशासमोर जमिनीवरून हललं नसतं. नवी पिशवी व्हायला महिने लागतात. तेवढ्यात मी वजन उतरवलं असतं. फक्त थोडा वेळ हवा होता मला!"

"आणि मी?" थर्झाने विचारलं.

तो अजून जहाजाकडेच बघत होता. तिचा त्याने विचारच केला नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

बर्केटने तिच्या बेड्या काढून त्याला घातल्या. सकाळी थुंकलेली एक बाई डोळे पुसत पुढे आली. "थर्झे, चल गं, चहा घे आमच्यात. नवी पिशवी करायचीय. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

थर्झाने सुरी उचलली आणि त्या बाईच्या हातात ठेवली.

"तूच कर," ती म्हणाली. "माझी पोर सकाळपासून उपाशी आहे."

फाटकावर तिने कापडी पायताणं काढून फेकली, आपले नालाचे बूट चढवले आणि घरच्या दिशेने पळत सुटली.