रस्त्यापलीकडे बसलेली

मी शाळेच्या दोन इयत्ता शिकले, तेव्हा नटवून लिहायला मला येत नाही. जे झालं ते लिहिते. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल दुसरं काही वाचावं.

रात्र नव्हती. भरदुपार होती. दोन महिन्यांपूर्वीचा मंगळवार, दीडचा सुमार.

आमचं घर हायवेला लागून. चार प्रांत जोडणारा मोठा रस्ता. तो रुंद झाला आणि आमचे दोन तुकडे झाले. घर अलीकडे, आमच्या ह्यांचं पंक्चरचं दुकान पलीकडे. मध्ये सहा पदरी रस्ता आणि छातीएवढा डिव्हायडर. गच्चीवरून ह्यांचं टक्कलसुद्धा दिसतं, पण जायचं तर रस्त्याखालच्या बोगद्यातून, दीड किलोमीटरचा वळसा घालून.

गाड्यांच्या आवाजात ह्यांना फोन ऐकू येत नाही. म्हणून आमची खूण ठरलेली. मी गच्चीवर लाल चादर टाकली, की डबा घेऊन निघाले असं समजायचं.

आदल्या दिवशी हे चार ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "हिच्या हाताला मिठाचा अंदाज नाही."

एकतीस वर्षं तेच मीठ खाऊन पोट सुटलंय!

म्हटलं, बसू दे वाट बघत. चादर टाकली... आणि निघालेच नाही. डबा मांडीवर घेऊन गच्चीत बसून राहिले.

पंचवीस मिनिटं झाली.

आणि... रस्त्याचा आवाज बंद झाला.

गाड्या पळत होत्या. ट्रक, कंटेनर, सगळं. पण आवाज नाही. एक हॉर्न नाही.

पलीकडे, बोगद्याच्या बाजूने, एक बाई चालत येत होती. हातात डबा. डावा पाय जरा ओढत...

डावा पाय मी ओढते.

धाकटी सून वाळलेले कपडे काढायला वर आली. तिने पलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई... तुम्ही इथे आहात. मग बाबांना वाढतंय कोण?"

एरवी असल्या प्रश्नाला मी तिला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी डबा खाली ठेवून कठड्याशी गेले.

ती वाढत होती. हे जेवत होते. हसत होते... माझ्यापुढे इतके हसल्याचं मला आठवत नाही.

"अहो! खाऊ नका! अहो!"

हाक रस्ता ओलांडेना.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कोण?"

"अहो, मी बोलतेय. उठा तिथून!"

"मी म्हणजे कोण?"

"तुमची बायको! गच्चीवर बघा जरा!"

"चेष्टा करता काय बाई? माझी बायको समोर बसलीय."

फोन ठेवला.

तेवढ्यात ती वळली. लांबून तोंड दिसलं नाही. तिने फक्त माझ्याकडे हात वर केला... 'थांब' म्हणतात तसा.

मी धावले. हा पाय घेऊन, त्या बोगद्यातून. पोचले तेव्हा गाड्यांचा आवाज परत आला होता. ती नव्हती. डबाही नव्हता. हे ढेकर देत टायर खोलत होते.

माझ्याकडे बघून म्हणाले, "बोला बाई. गाडी कुठाय?"

डॉक्टर झाले. डोक्याचे फोटो झाले. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. पोरांना ओळखतात, सुनांना ओळखतात, कुठल्या ट्रकला कुठला टायर तेही तोंडपाठ.

फक्त मला नाही.

दुकानाला मी कुलूप घातलंय. ह्यांना नजरेआड करत नाही. माझ्या हातचं जेवतात, परक्या घरी जेवावं तसे... खाली मान घालून. मग गच्चीत जाऊन पलीकडे बघत बसतात.

काल मीही शेजारी जाऊन बसले.  ह्यांनी अगदी मायेने विचारलं, "बाई, तुम्हाला तुमचं माणूस नाही का कुणी?"

उभ्या जन्मात मी कुणाकडून ऐकून घेतलं नाही.  काल मात्र मी नुसता ह्यांचा हात धरला.

त्यांनी तो हळूच सोडवून घेतला...

पलीकडून कुणी बघेल, म्हणाले.