पोचूच्या गाडीची टाकी

माझ्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीची पेट्रोल टाकी गळायला लागली होती. तिची नवी टाकी आता मिळत नाही, म्हणून मोबाइलवर जुन्या सामानाच्या जाहिराती पाहत होतो. कुरखेड्यापासून वीस किलोमीटरवर एक सापडली. जाहिरात अंकुश मडावीची.

दुपारी गेलो. अंकुश शेतावर होता. त्याच्या वहिनीनं, मंगलीनं, ताडपत्री बाजूला करून वाकलेली गाडी दाखवली.

"आमच्या मालकाची व्हय. मागच्या साली मोडावर पडले… तिथीच गेले."

निळी टाकी. तिच्यावर पांढऱ्या रंगात, हातानं लिहिलेलं 'पोचू'.

मी ती ओळखली. त्या सांजेला त्याच वळणावरून मी घरी येत होतो. गाडी आडवी, खाली माणूस. त्यानं हात उचलला होता. "भाऊ… थांबा ना…" पोलीस, जबाब, चकरा… माझ्या डोक्यात एवढंच आलं. मी निघून गेलो.

मंगलीला हे सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "टाकी चांगली हाय."

घरी आणून पोचूच्या नावावर काळा रंग मारला.

त्यानंतर त्या वळणावर गाडी बंद पडायला लागली. पेट्रोल भरलेलं, प्लग साफ. भर उन्हात, सागाचं पानही हलत नसताना, मांड्यांमधली टाकी थंडगार होत जायची. तिसऱ्या वेळी तिच्या आतून, अगदी हळू, आवाज आला.

"भाऊ…"

मी गाडी ढकलत थेट मंगलीच्या अंगणात गेलो. ती मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, फोडत बसली होती.

"बाई, मी त्या सांजेला पाह्यलं होतं त्याले… थांबलो नाई."

तिनं मान वर केली नाही.

"तुमी चवथे."

"चवथे?"

"दिवा नेला तो आला. सीट नेली तो आला. मांगचं चाक नेलं तोबी. सारे असेच रडले." तिनं एक टोळी फोडली. "तवा काऊन नाई थांबले कोनी?"

माफी मागायचीही लाज वाटली. टाकी काढून ताडपत्रीखाली ठेवली.

"आता पुढचं चाकच राह्यलं," ती म्हणाली. "ते मी विकत नाई. त्याची जाहिरातबी नाई टाकू देल्ली."

तेवढ्यात कुंपणापाशी एक गाडी थांबली. हेल्मेट काढून एक माणूस आत आला. घामानं भिजलेला, नजर खाली.

"इथी पुढचं चाक हाय म्हणते…"

"कोनं सांगतलं?"

त्यानं मोबाइल पुढं केला. जाहिरातीतला फोटो जमिनीवरून काढलेला होता. पुढचं चाक, आणि त्याच्या तारांमधून दिसणारा सांजेचा रस्ता. रस्त्यावर एक गाडी पाठमोरी दूर चाललेली.

नंबरप्लेटवरचा नंबर स्पष्ट होता. माझा.