पेनड्राइव्ह वापरात आहे

बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बसस्टँडसमोर, चहाचं हॉटेल आणि खताचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात अमरदीपचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पुण्यात चार वर्षं हार्डवेअरचं काम करून तो दोन हजार सात साली परत आला आणि त्यानं हा गाळा घेतला. एका टेबलावर त्याची बायको मंगल लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करायची, कानडी आणि मराठी सारख्याच वेगानं. दुसऱ्या टेबलावर अमरदीप उघडी मशिनं घेऊन बसायचा. दुपारी बारा ते तीन लाइट नसायची. तेवढा वेळ दोघं शटर अर्धं ओढून डबा खायची.

कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं मुद्दाम लिनक्स टाकलं होतं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून इतके व्हायरस यायचे, की बिघडलेला पेनड्राइव्ह तो आधी तिथंच लावायचा. विंडोज नुसतं विचारतं, फॉर्मॅट करू का? लिनक्स मात्र आत काय काय झालं ते ओळीओळीनं लिहून ठेवतं. ‘हे मशीन खोटं बोलत न्हाई,’ असं तो मंगलला कौतुकानं सांगायचा.

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी मेहकरच्या बसमधून एक बाई उतरली आणि विचारत विचारत दुकानात आली. पन्नाशीची असेल. नऊवारी, पायात पुरुषी चपला. तिनं पदराची गाठ सोडून एक काळा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडं बघतच राहिली, जणू तो हलेल.

“बाबा, ह्यातलं फोटू काढून देतूस म्हनं?”

“काढतो की मावशी. कुणाचाय हा?”

“माज्या नागराजचा.”

तिचं नाव बाणूबाई. नागराज तिचा एकुलता मुलगा, पुण्यात उंच बिल्डिंगांना लिफ्ट बसवायच्या कामावर होता. मागच्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात नवव्या मजल्यावरनं पडला. मुकादमानं पेटी पाठवून दिली. तिच्यात कपडे होते, फुटलेला मोबाइल होता आणि हा पेनड्राइव्ह.

“फोनवर म्हनला व्हता, आई, समदं फोटू ह्यात भरून ठिवलाव, आलो की दावतो. घरात त्याचा एकच फोटू हाय, धाव्वीच्या हॉलतिकिटावरचा. त्यात निव्वळ लेकरू दिसतंय. आन् गेला तवा मिशा फुटल्या व्हत्या त्याला.” तिनं पदराची रिकामी गाठ पुन्हा बांधली. “पुढच्या बेस्तरवारी वरीस हाय. भितीवर लावायला एक मोठा फोटू पायजे. त्याच्या अप्पाचं बी तेच म्हननं हाय.”

अमरदीपच्या स्वतःच्या आईचा, विमलबाईंचा, रेशनकार्डावरच्या काळ्या डागाखेरीज एकही फोटो नव्हता. तो म्हणाला, “परवा शनिवारी या मावशी. काढून ठेवतो.”

पेनड्राइव्ह लावल्यावर आतला निळा दिवा लागला, पण पडद्यावर काहीच आलं नाही. हे नेहमीचंच होतं. पुढची जागा सैल असते म्हणून त्यानं तो मशीनच्या पाठीमागं लावून पाहिला. पितळी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. मग मशीन स्वतःच लिहून ठेवतं ती नोंदवही पडद्यावर उघडली. मशीनला पेनड्राइव्ह दिसत होता, चार जीबीचा, कंपनीच्या नावासकट. म्हणजे तो मेला नव्हता. फक्त लिनक्समध्ये पेनड्राइव्ह नुसता लावून भागत नाही, तो एखाद्या फोल्डरला जोडावा लागतो. त्याला माउंट करणं म्हणतात. तिथंच अडत होतं. त्यानं हातानं आज्ञा दिली. उत्तर आलं, ‘आधीच जोडलेला आहे किंवा वापरात आहे.’

पण जोडलेला तर नव्हता. त्यानं यादी पाहिली, मशीन बंद करून सुरू केलं, आज्ञा पुन्हा दिली. ‘वापरात आहे.’

कोण वापरतंय, हेही विचारता येतं. चालू असलेल्या प्रत्येक कामाला लिनक्स एक आकडा देतं. मशीननं आकडा दिला. त्या आकड्याचं काम कोणतं, असं विचारल्यावर म्हणालं, असं कोणतंही काम चालू नाही.

“काय झालं?” मंगलनं टाइप करता करता विचारलं.

“काई न्हाई. आतली कंट्रोलरची चिप गेलेली दिसतीय.”

शुक्रवारी सकाळी त्यानं दुसरा मार्ग धरला. पेनड्राइव्ह उघडायचाच नाही. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत त्याची जशीच्या तशी नक्कल हार्डडिस्कवर उतरवायची आणि ती नक्कल उघडायची, तीही फक्त वाचण्यापुरती. त्यात कुणाला काही लिहिता येत नाही की पुसता येत नाही. नक्कल उघडली. आत दोनशे चौदा फोटो होते. प्रत्येकाला नागराजनं नाव दिलेलं होतं. अमरदीपला इतका आनंद झाला, की त्यानं शेजारच्या हॉटेलातून दोन चहा मागवले.

मंगल खुर्ची ओढून शेजारी बसली. उंचापुरा, हसऱ्या डोळ्यांचा पोरगा. ट्रॅक्टरच्या बोनेटवर राजासारखा बसलेला बघून ती खळखळून हसली. बाईंना निवडायला सोपं जावं म्हणून तिनं सगळ्या फोटोंची नावं वहीत लिहून घेतली. अमरदीपनं त्यांची एक सीडीही करून ठेवली.

शनिवारी बाणूबाई आली. चष्मा नव्हता म्हणून पडद्याला नाक लावून बसली. प्रत्येक फोटोला तिच्याकडं एक गोष्ट होती. हे उदगीरच्या जत्रंतलं, पाळण्यात बसून उलटी केलता. ही काळी शेळी, हिला ‘बाई’ म्हनायचा. हा बहिणीच्या लग्नातला, नेसायला धोतर न्हाई म्हनून रुसलेला. ती रडली नाही. तासभर जणू लेकाशीच बोलत बसली होती. शेवटी तिनं जत्रेतला पांढऱ्या शर्टातला फोटो निवडला.

“हाच दे बाबा. ह्यात माज्याकडंच बघायलाय.”

फोटो मोठा करून वर्षाच्या दिवसाआधी द्यायचं ठरलं. ती गेल्यावर अमरदीपला एक गोष्ट खटकली. वहीत दोनशे चौदा नावं होती. पडद्यावर एकशे एकोणनव्वद फोटो होते.

त्यानं दोनदा मोजले. मग सीडी घातली. तिच्यातही एकशे एकोणनव्वद. सीडीवर एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. तिचा गुणच तो. आपणच सीडी करताना काहीतरी चुकलो असणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग प्रत्येक फोटो शेवटचा कधी उघडला गेला त्या वेळा मशीनच्या नोंदवहीतून काढल्या. शनिवारी सकाळच्या, बाणूबाईच्या बसण्याच्या, वेळा असायला हव्या होत्या. तशा काही होत्या. बाकीच्या सगळ्या शुक्रवारच्या होत्या, दुपारी सव्वाबारा ते तीनच्या मधल्या.

त्या वेळी भालकीत लाइट नव्हती. मशीन बंद होतं. दोघं शटर ओढून भाकरी खात होती.

त्यानं पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात घालून कुलूप लावलं.

रविवारी दुकान बंद असायचं. तरी तो आला. एकशे बारा उरले होते. जत्रेतला पांढरा शर्ट नव्हता. त्यानं घाई केली. अकरा चांगले फोटो निवडून जाड चकचकीत कागदावर आपल्याच प्रिंटरवर काढले, वाळवले, लिफाफ्यात घातले आणि लिफाफा घरी नेऊन कपाटात ठेवला. कागदावर आलेलं तर कुणी नेणार नाही.

सोमवारी सकाळी त्यानं मेहकरला फोन लावला. बसवंतप्पाच्या किराणा दुकानातला तो नंबर बाणूबाईनंच दिला होता. तिला बोलवून आणायला दहा मिनिटं गेली.

“मावशी, तो जत्रेतला फोटो खराब झाला. दुसरा चालंल काय?”

“कंच्या जत्रंतला?”

“उदगीरच्या. पांढऱ्या शर्टातला. पाळण्यात बसला होता म्हणालाव तुम्ही.”

फोनमध्ये किराणा दुकानातला तराजू खणखणला.

“उदगीरला कवा गेलो आमी?” ती सावकाश म्हणाली. “न्हाई बाबा. दुसऱ्या कुनाचं आसंल ते.”

“आणि ती काळी शेळी? बाई?”

“शेळ्या हायत की घरी. पर तसलं नाव कोन ठिवंल?”

दुःखानं माणसाचं होतं असं, त्याला वाटलं. डोकं काही गोष्टी स्वतःच झाकून ठेवतं. त्यानं फोन ठेवला आणि मंगलला सांगितलं. मंगल पत्रिका टाइप करत होती. ती म्हणाली, “बिचारी.”

“आणि बघ, तो ट्रॅक्टरवरचाही गेला.”

“कुठला ट्रॅक्टर?”

“तू हसलीस की. शुक्रवारी.”

“मी?” मंगल खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती. मग तिनं वही ओढून घेतली. पान उघडून ती आपल्याच अक्षराकडं बघू लागली. “हे मी कामून लिहिलं? कुणाच्या लग्नाची यादी हाय ही?”

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं कपाटातला लिफाफा काढला. अकरा कागद होते. दहा कोरे होते. नवे, चकचकीत, शाईचा ठिपकासुद्धा नाही. अकराव्यावर तो पोरगा एका बांधकामाच्या पुढं उभा होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हात कमरेवर.

मंगळवारी चाळीस फोटो उरले. बुधवारी सकाळी नऊच फोटो.

लाइट जायच्या आधी, बारा वाजायला पाच मिनिटं असताना, त्यानं खण उघडून पेनड्राइव्ह बाहेर काढला. तो टेबलावर सुटा पडलेला होता. मशीनला काही लावलेलं नव्हतं. त्यानं नोंदवही उघडून शेवटची ओळ वाचली. पेनड्राइव्ह जोडला गेल्याची नोंद होती. वेळ आत्ताची.

त्यानं मागं हात घालून सगळ्या जागा चाचपल्या. रिकाम्या होत्या.

टेबलावर पेनड्राइव्हचा निळा दिवा मंद उघडझाप करत होता. आत काहीतरी वाचलं जात असताना करतो, तसा.

मग लाइट गेली. पंखा थांबत थांबत थांबला. मशीन बंद पडलं. निळा दिवा चालूच राहिला.

मंगलनं डबा उघडून हाक मारली तेव्हा तो भानावर आला. पेनड्राइव्ह फोडावा असं मनात आलं. पण फोडून काय थांबणार होतं, ते त्याला सांगता आलं नसतं. आणि आत कदाचित अजून एखादा फोटो असेल.

तीन वाजता लाइट आली. नकलेत आता एकही फोटो नव्हता. पेनड्राइव्ह मात्र पहिल्यांदाच एका आज्ञेत जोडला गेला, नवाकोरा असल्यासारखा. ‘वापरात आहे’ असं मशीन म्हणालं नाही.

गुरुवारी पहाटेच उठून त्यानं अकरावा कागद दोन पुठ्ठ्यांच्या मधे घातला, दोऱ्यानं बांधला आणि सकाळची मेहकरची बस धरली. खिडकीशी बसून तो पुठ्ठा मांडीवर धरून राहिला. काढणीनंतरची काळी रानं, मधूनच करडईचा पिवळा तुकडा. दर दोन-चार मैलांनी तो पुठ्ठा किंचित उघडून बघायचा. हेल्मेट होतं. चेहरा होता. मोठा करता आला नाही, पण एवढा तरी तिच्या हातात पडू दे.

घर शोधायला लागलं नाही. दारात मांडव घातला होता. अंगणात पंगत बसलेली होती, वीस-पंचवीस माणसं. पत्रावळींवर भात, वरण, गव्हाची गोड खीर, हुग्गी. पण पंगतीचा आवाज नव्हता. माणसं जेवत होती आणि एकमेकांकडं बघत होती, चुकीच्या घरी आल्यासारखी.

बाणूबाई चुलीजवळून उठून आली. त्याला तिनं ओळखलं. “ये बाबा, ये. भालकीचा न्हवं तू? त्या मशिनीचा.”

त्यानं दोरा सोडून कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडं धरला. बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावर माया होती, परक्या लेकराला बघून कुठल्याही बाईच्या चेहऱ्यावर येते तेवढी.

“देखना हाय,” ती म्हणाली. “कुनाचा रं?”



“लांब कामाला दिसायलाय. ह्याच्या आईला कळवलास का न्हाई? वाट बघत आसंल ती.”

तिला सांगायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पोराचं नाव घेतलं की तिला आठवेल, निदान काहीतरी हलेल. बसमध्ये चढताना ते नाव त्याच्या ओठांवर होतं. त्यानं कागद उलटा करून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं. तो अक्षरं शोधत राहिला, एकेक, क, ग, म. एकही लागू पडेना. त्यानं कागद पुन्हा सुलटा केला. पिवळं हेल्मेट घातलेला कुणीतरी बांधकामापुढं उभा होता.

बाणूबाईचा घरधनी उमाजी हातातली वरणाची बादली खाली ठेवून पुढं आला. थकलेला, भला माणूस.

“सर, बसा जेवायला. सैपाक झाक झालाय.” मग तो जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “गावजेवण कामून घातलंय आज, ते आमालाच आठवंना झालंय. बायकांनी पहाटेपासनं चूल पेटीवली, आमी मांडव घातला. पर कशाचं, ते कुनी इचारायलं तर...” त्यानं हात झटकले. “जाऊ द्या. अन्न हाय. बसा. पंगतीच्या मोऱ्हं एक पान मांडलंय, तिथं कुनी बसलंच न्हाई.”

अमरदीप चपला काढून गेला. पंगतीच्या अगदी वरच्या टोकाला, भिंतीला लागून, ती पत्रावळ होती. पुढं पाण्याचा तांब्या. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मधे हातभर जागा सोडलेली होती. तो मांडी घालून बसला आणि पानाकडं पाहिलं.

हुग्गी संपत आली होती. भात अर्धा कालवलेला होता, त्यात चार बोटांच्या ओल्या खुणा होत्या, आणि वरण अजून त्यांच्यात हळूहळू उतरत होतं.