डाव्या कानातलं बोलणं

ही घटना खरी आहे. रचून सांगायची असती, तर आमच्या काकांना त्यात एवढं महत्त्व मुळीच दिलं नसतं.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. शनिवारची संध्याकाळ होती. सभागृह खच्चून भरलेलं. बाल्कनीच्या अगदी टोकाला, भिंतीलगतच्या दोन खुर्च्यांवर हे दोघं बसले होते.

काकांना एक खोड होती. गाण्याचे कार्यक्रम चोरून रेकॉर्ड करायची.

चष्म्याच्या दोन्ही काड्यांना हरभऱ्याएवढे माइक. एक डाव्या कानाशी, एक उजव्या. कॉलरमधून आत उतरणारी बारीक वायर. आतल्या खिशात रेकॉर्डर आणि प्रीअँप, म्हणजे माइकने पकडलेला आवाज मोठा करणारी डबी. दारावर गार्डने हटकलंच, तर काका सांगायचे, "कानाचं मशीन आहे हो, ऐकू येत नाही." घरात ते कोणाचंच ऐकत नसत, तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं.

श्रोत्यांना ते मेंढरं म्हणायचे. "खोकायला येतात लेकाचे! गाणं कळतंय कोणाला?"

स्वतःला कळायचं असंही नाही. अख्खा कार्यक्रम त्यांचं लक्ष मागच्या रांगेतल्या खोकल्याकडे.

मावशीला बरोबर न्यायचे, ते काही प्रेमापोटी नव्हे. एकट्या माणसावर गार्ड नजर ठेवतात, जोडप्याकडे कोणी बघत नाही, एवढंच. पण मावशी पडली बोलकी. शेजारी कोणी बसलं की पाच मिनिटांत त्याच्या घरचं सगळं तिला ठाऊक. म्हणून काका तिला मुद्दाम आपल्या डावीकडे, भिंतीशी बसवायचे.

टाळी नाही. "वा" नाही. बांगड्या काढून पर्समध्ये, आणि पर्सची चेन उघडायची नाही.

इतकी वर्षं मावशी तशीच बसत आली. हात मांडीवर. तोंड मिटलेलं.

त्या शनिवारचं रेकॉर्डिंग काकांनी दुसऱ्या दिवशी दुपारी हेडफोन लावून ऐकलं. गाणं ठीक होतं. मागे नेहमीची खरखर होती.

आणि त्या खरखरीत, डाव्या कानात…

कुजबुज.

काका तडक स्वयंपाकघरात गेले.

"तू बोलत होतीस!"

"मी? अहो, बोलणार कोणाशी? पलीकडे भिंत आहे."

"तुझा काही भरवसा नाही. भिंतीशीही बोलशील."

मावशी हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय.

काकांनी नवे माइक घेतले. पुढच्या कार्यक्रमाला त्याच खुर्च्या पकडल्या. घरी येऊन ऐकलं, तर कुजबुज जास्त स्पष्ट आली होती. आणि आता कळलं, की आवाज दोन आहेत.

एक मावशीचा.

दुसरा कुठल्यातरी बाईचा… जरा घोगरा.

शब्द मात्र कळत नव्हते. प्रीअँपची खरखर आड येत होती.

मध्ये एकदा काका एकटेच जाऊन आले. रेकॉर्डिंग लख्ख. कुजबुजीचा मागमूस नाही. इथे कुठल्याही धड डोक्याच्या माणसाने बायकोला घरी ठेवलं असतं. निदान विचारलं असतं, की बाई गं, तुला तिथे काही जाणवतं का? पण काकांना बायकोची काळजी नव्हती, तिची चोरी पकडायची होती. मावशी खोटं बोलते, हे तिच्याच आवाजात तिला ऐकवायचं होतं.

त्यांनी नवा प्रीअँप मागवला. काडेपेटीएवढा. खरखर जवळजवळ नाहीच.

"आता बघतोच," म्हणाले.

पुढच्या कार्यक्रमाला, त्याच खुर्च्यांवर बसून, त्यांनी गाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळा वेळ डोळ्याच्या कोपऱ्यातून मावशीकडे बघत होते. तिचे ओठ हलले नाहीत. एकदाही नाही. कार्यक्रम संपला, ती उठली, त्यांच्या मागोमाग जिना उतरली, गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी काकांनी हेडफोन लावले.

गाणं सुरू झालं. आणि डाव्या कानात, अगदी जवळून…

"अवघडलीस का गं?" त्या बाईने विचारलं.

"सवय झालीय," मावशी म्हणाली.

काकांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"टाळी वाजवावीशी नाही वाटत?"

"वाटते ना. खूप वाटते."

"मग?"

"ह्यांचं रेकॉर्डिंग बिघडतं."

ती बाई हसली… बेताने, दुसऱ्याच्या घरात हसतात तसं.

"आमच्याकडे ये. तिथे कोणी गप्प बसवत नाही."

बराच वेळ नुसतं गाणं चालू राहिलं.

"एवढं गाणं होऊ दे," मावशी म्हणाली.

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि डाव्या कानाशी दोन तळहात वाजायला लागले. मनसोक्त! मध्येच मावशी खळखळून हसली. तसं हसताना काकांनी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग धप्प… दुमडणारी खुर्ची वर गेल्याचा आवाज.

मग पावलं.

दोघींची.

उजवीकडे, दाराकडे नाही. डावीकडे.

भिंतीच्या दिशेने.

आणि त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत डाव्या बाजूला कोणी नाही. श्वास नाही. कपड्यांची सळसळ नाही. कोणीच नाही.

पण मावशी तर घरी आली होती. आत्ता स्वयंपाकघरात होती.

काका भिंतीला धरत धरत तिथवर गेले. ती कांदा चिरत होती.

"अगं…"

"काय हो? चेहरा का असा?" आवाज नेहमीचाच.

काकांचा जीव भांड्यात पडला. उगाच मूर्खासारखं घाबरलो, असं ते स्वतःशी पुटपुटले. मूर्ख हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा योग्य माणसासाठी वापरला.

पण सवय जाते कुठे? चष्मा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला. रेकॉर्डर सुरू केला. मावशी कांदा चिरत राहिली, शेजारणीच्या कुत्र्याचं काहीतरी सांगत राहिली. काका "हं… हं…" करत राहिले.

मग आतल्या खोलीत जाऊन ऐकलं.

नळ ठिबकत होता.

फ्रिज घुमत होता.

"हं…" काकांचा स्वतःचा आवाज.

मग शांतता.

"हं…"

सुरीचा आवाजसुद्धा नव्हता.

त्यांनी जुने माइक लावून पाहिले. मोबाइलवर पाहिलं. तेच. मग आमच्या दारात आले आणि लहान मुलासारखे रडले. मला दया आली, असं म्हणायला हवं. आली नाही. काळजी वाटली ती मावशीची.

आम्ही तिला भेटायला गेलो. तिने दार उघडलं, मला जवळ घेतलं, "वाळलास रे," म्हणाली. सगळं नेहमीसारखं. तरी माझा मोबाइल मी खिशातून बाहेर काढला नाही. माझी हिंमत झाली नाही.

आई मात्र दर रविवारी फोन करते. ती धाकटी, मावशी तिची ताई. फोन काका उचलतात आणि मावशीच्या हातात देतात. आई कानाला लावून बसते. मी तिला खेटूनच बसलेला असतो. तिकडे पंख्याची घरघर येते, रस्त्यावरचा हॉर्न येतो. थोड्या वेळाने लांबून काकांचा आवाज येतो, रडवेला…

"ती बोलतेय बघा. तुमचंच विचारतेय, गुडघा कसा आहे म्हणून. येतंय ना ऐकू?"

"नाही, भावोजी," आई म्हणते.

पण फोन ठेवत नाही. गुडघ्याचं सगळं सांगते, आणि कान लावून बसून राहते.