शाबूत नाकाचा राजा

सह्याद्रीच्या माथ्यावर तांबडं फुटत होतं आणि सातवाहनांच्या शिरगिरी दुर्गाला पडलेला शकांचा वेढा धुक्यातून हळूहळू उघडा होत होता. दुर्गपाल रणात पडल्यापासून त्याची पत्नी दामिला किल्ला लढवत होती. महाद्वार होतं तिच्या धाकट्या दिराच्या, विण्हुपालाच्या हाती.

ती द्वाराशी आली तेव्हा पहारेकरी नवीकोरी रोमक नाणी न्याहाळत होते.

“धाकट्या स्वामींनी बक्षीस दिलं, देवी,” म्हातारा सिवदत म्हणाला. “भांडारातलं आहे म्हणे.”

दामिलेनं एक नाणं उचललं. एका अंगाला पर्णमुकुट ल्यालेला, धारदार नाकाचा रोमक सम्राट. दुसऱ्या अंगाला हाती डहाळी घेऊन आसनावर बसलेली देवी. दामिलेच्या मस्तकात तिडीक गेली. घाट चढणाऱ्या प्रत्येक रोमक नाण्यावर शुल्काच्या नाक्याशी छिन्नीचा घाव बसे, तोही थेट राजाच्या तोंडावर! परक्या राजाचं मस्तक या मुलखात धड फिरू द्यायचं नाही, ही इथली रीत. भांडारातलं एकही नाणं त्या घावातून सुटलेलं नव्हतं.

ती अडसराजवळ उभ्या विण्हुपालाकडे वळली. “भाऊजी, हा राजा नाक शाबूत ठेवून आपल्या घाटातून वर कसा आला?”

विण्हुपालाचा चेहरा उतरला. “घाईत घाव राहिला असेल, वहिनी.”

“खोटं! ही चांदी शकांच्या छावणीतली आहे. कधी उघडणार होतात दार?”

“आत्ता!” तो ओरडला. “टाक्या आटल्यात, माणसं तडफडताहेत. शकांनी अभय दिलंय. ओढा रे अडसर!”

पहारेकरी चुळबुळले. चांदी अजून त्यांच्या मुठीत होती. दामिला निःशस्त्रच अडसराला पाठ लावून उभी राहिली.

“लाज वाटते का कुणाला? नसेल वाटत, तर आधी मला कापा आणि मग उघडा!”

विण्हुपालाची तलवार तिच्या खांद्यात उतरली. ती हलली नाही. तेव्हा सिवदतानं मूठभर चांदी तटापलीकडे भिरकावली, आणि सगळे विण्हुपालावर तुटून पडले.

दार उघडणार या भरवशावर शकांची निवडक फळी बेसावध तटाखाली आली होती. वरून दगडधोंड्यांचा असा मारा झाला, की संध्याकाळी वेढाच उठला.

मुसक्या बांधून कड्यावर आणलेला विण्हुपाल गयावया करू लागला. “वहिनी, मी घरचा माणूस!”

“म्हणून तर जीव जळतोय माझा! लोटा याला.”

सगळं उरकल्यावर सिवदतानं चाचरत विचारलं, “देवी, द्रोह्याचं सुतक धरायचं नसतं ना?”

दामिला त्याच्यावरच उसळली. “धरायचं! लग्न होऊन आले तेव्हा एवढासा होता तो, माझ्या हातून जेवायचा. नतद्रष्ट मेला!” आणि जखमी खांदा धरून ती रागारागानं रडू लागली.